जाड की पातळ? राम घाटाच्या वाटेवरची टर्बोची गाडी

मे महिन्यात पुण्याहून किंवा नाशिकहून उज्जैनला निघणाऱ्या गाडीवाल्याला एक सल्ला हमखास मिळतो : "माळव्याचं ऊन आहे, ऑइल जरा जाड टाकून घ्या." सल्ला देणारा अनाडी नसतो. त्याने आयुष्यभर इंजिनं उघडलेली असतात, आणि अॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी, जुनी जीप यांच्या काळात हा सल्ला खराही होता. त्या इंजिनांच्या बेअरिंगमधल्या फटी मोठ्या, ऑइल साधं खनिज, तापलं की भराभर पातळ होणारं. म्हणून २०डब्ल्यू-४० नाहीतर २०डब्ल्यू-५० भरायची पद्धत पडली. आज उज्जैनच्या राम घाटाकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना टर्बो असतो. डिझेल कार तर जवळपास सगळ्याच टर्बोच्या, आणि आता एक लिटरची छोटी पेट्रोल इंजिनंही. या गाड्यांचं ऑइल बाहेरच्या उन्हावरून निवडायला गेलं की हिशेब चुकतो. उज्जैनच्या वाटेवर गाडी कशी चढते, कशी रखडते आणि कुठे थांबते, यावर तो हिशेब जास्त अवलंबून आहे.

राम घाट हा क्षिप्रेवरचा मुख्य घाट. सिंहस्थाचं स्नान इथेच. मागचं सिंहस्थ २०१६ साली झालं, पुढचं २०२८ साली आहे. मराठी माणसाला हे गाव परकं नाही. महाकालेश्वराचं आजचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी उभारलं, आणि ग्वाल्हेरला हलेपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनलाच होती. घाटापासून जवळच हरसिद्धीच्या देवळापुढे दोन उंच दीपमाळा आहेत. त्या पाहिल्या की आपण आपल्याच मुलखातल्या एखाद्या देवळाच्या आवारात उभे आहोत असं वाटतं.

पुण्याहून हा प्रवास सहाशे किलोमीटरांहून अधिक. धुळे-शिरपूर सोडलं की सातपुडा लागतो, बिजासनचा घाट चढून सेंधवा येतं. मग निमाडात उतरायचं, खलघाटला नर्मदा ओलांडायची, आणि तिथून मानपूरकडे पुन्हा चढण. नर्मदेच्या खोऱ्यातून थेट माळव्याच्या पठारावर. पुढे इंदूर आणि तिथून पंचावन्न-एक किलोमीटरवर उज्जैन. आपली गाडी चाकणला तयार झालेली असेल, तर ती या वाटेने जाताना आपल्याच जातभाईंच्या शाळेजवळून जाते : इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स नावाचं वाहन-चाचणी केंद्र आहे, आणि तिथली ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी २०२१ साली सुरू झाली. यात्रेकरूंनी भरलेल्या ज्या ट्रॅव्हलर गाड्या आपल्याला वाटेत दिसतात, त्या बनवणारी फोर्स मोटर्स ही कंपनी पुण्याची आणि त्या गाड्यांचा कारखाना पीथमपूरचा.

आता ऑइलच्या डब्यावरचे आकडे. ५डब्ल्यू-३० यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा, विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा तापल्यावर किती जाड राहतं ते. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने ही प्रतवारी १९११ साली सुरू केली. आज ती जे-३०० या मानकाने ओळखली जाते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजतात. एकक सेंटिस्टोक. त्या तापमानाला ९.३ ते १२.५ यांच्या आत बसलं तर ते ३० ग्रेडचं ऑइल, १२.५ ते १६.३ मध्ये ४० ग्रेडचं, १६.३ ते २१.९ मध्ये ५० ग्रेडचं. म्हणजे हे आकडे नुसती नावं आहेत. ग्रेडचा आकडा जितक्या पट, ऑइल तितक्या पट जाड, असा अर्थ त्यातून निघत नाही. डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याची परीक्षा तर उणे तापमानात होते : ५डब्ल्यू ऑइल उणे ३५ अंशांनाही पंपाने ओढलं गेलं पाहिजे, १५डब्ल्यू उणे २५ ला. उज्जैनमध्ये असली थंडी कधीच पडत नाही, तेव्हा हा आकडा आपल्याला बिनकामाचा, असं वाटणं साहजिक आहे. तसं ते नाही.

पुरीसाठी कढईत ओतलेलं तेल आधी संथ असतं आणि तापलं की पाण्यासारखं हलतं, हे रोज पाहतो आपण. इंजिन ऑइलचं तेच. फरक एवढाच की प्रत्येक ऑइल सारख्याच प्रमाणात पातळ होत नाही. नेहमीचं एखादं ५डब्ल्यू-३० ऑइल आणि एखादं २०डब्ल्यू-५० ऑइल शेजारी ठेवा. १०० अंशांना पहिलं ११ सेंटिस्टोकच्या आसपास, दुसरं १८ च्या. दुसरं दीडपटीपेक्षा थोडं जास्त जाड. ४० अंशांना पहिलं साधारण ६५, दुसरं १५५. आता सव्वादोन पटीच्या वर. आणि १० अंशांना? पहिलं ३०० च्या आत-बाहेर, दुसरं १००० च्या घरात. तिपटीहून जास्त. जाड ऑइल भरून आपण गरम इंजिनात जेवढं संरक्षण विकत घेतो, त्याच्या कितीतरी पट किंमत थंड इंजिनात मोजतो.

ही किंमत उज्जैनमध्ये कोण मोजतो? पौषात महाकालाच्या भस्मारतीला जाणारा. भस्मारती पहाटे चारला. तीनच्या सुमारास लॉजच्या आवारात गाडी सुरू करायची, हवेत दहा अंश किंवा त्याहूनही कमी. रात्रभर उभ्या गाडीचं सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं. सेल्फ मारल्यावर पंप ते वर ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, मुख्य नळीतून क्रँकच्या बेअरिंगांना देतो, मग हेडकडे पाठवतो. टर्बोला ऑइल नेणारी एक वेगळी बारीक नळी असते. ऑइल फार जाड असेल तर पंपाचा दाब वाढून त्याची झडप उघडते आणि बरंचसं ऑइल कामाच्या जागी न जाता पुन्हा चेंबरमध्ये पडतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझलेला असतो, कारण दाब तर आहे. पण दाब असणं आणि ऑइल पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनाची झीज मोठ्या प्रमाणात अशा सुरुवातीच्या क्षणांत होते. तेव्हा घाईने रेस दिली की टर्बोचा दांडा कोरड्यासारखा फिरतो.

त्या दांड्याकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यासाठी आहे. टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची, पेटंट १९०५ चं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. छोट्या कारमधला हा दांडा जेमतेम सहा-आठ मिलिमीटर जाडीचा, बोटातल्या पेनापेक्षाही बारीक. तो मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो. सात मिलिमीटरचा दांडा दोन लाख फेऱ्यांनी फिरला, तर त्याचा पृष्ठभाग बेअरिंगवरून ताशी अडीचशे किलोमीटरांहून जास्त वेगाने सरकत असतो. आणि बहुतेक गाड्यांत त्या बेअरिंगमध्ये ना बॉल असतात ना रोलर. पितळेसारख्या धातूचं एक सुटं कडं असतं. कड्याच्या आत ऑइलचा एक पापुद्रा, बाहेर दुसरा, आणि दांडा त्या पापुद्र्यांवर तरंगतो. कडंही ऑइलमध्ये स्वतः फिरत राहतं. दांड्याच्या एका टोकाला चुलीसारखी धग असते : डिझेल गाडीत धूर ८०० अंशांपर्यंत तापतो, पेट्रोल गाडीत ९५० आणि त्याच्याही वर. दुसऱ्या टोकाला हवा आत ओढणारं चक्र. मध्ये हे ऑइल. दांडा उचलून धरणं आणि उष्णता वाहून नेणं, दोन्ही कामं त्याचीच.

पातळ पदार्थावर धातू तरंगतो हे माणसाला कळलं तेही अपघाताने. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. १८८३ च्या त्याच्या अहवालात याची हकीकत आहे. बेअरिंगच्या माथ्यावर ऑइल घालायला त्याने भोक पाडलं, तर चालू यंत्रात त्या भोकातून ऑइल उलट वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला तेव्हा कळलं की फिरणारा आस स्वतःच ऑइल फटीत ओढून घेतो आणि एवढा दाब तयार करतो की वरचं सगळं वजन त्या पापुद्र्यावर पेललं जातं. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. पापुद्रा किती जाड राहील हे तीन गोष्टी मिळून ठरवतात : फिरण्याचा वेग, वरचं वजन आणि त्या क्षणी त्या जागी ऑइलचा जाडपणा. टॉवरच्या त्या खुंटीवरच आजचा टर्बो उभा आहे असं मला वाटतं, आणि ऑइलच्या जाहिरातींमध्ये या माणसाचं नाव कुठे नसावं याचं वाईट वाटतं.

'त्या क्षणी त्या जागी' हे शब्द महत्त्वाचे. १०० अंशांचा आकडा नळीतून निथळत्या ऑइलवर मोजलेला असतो. बेअरिंगमध्ये ऑइल दोन पृष्ठभागांच्या कात्रीत सापडतं, चिरडलं जातं, आणि त्यात मिसळलेले, जाडपणा टिकवणारे लांबलचक रेणू आडवे पडतात. तेवढ्यापुरतं ऑइल डब्यावर लिहिल्यापेक्षा पातळ होतं. म्हणून जे-३०० मध्ये आणखी एक परीक्षा आहे : १५० अंशांना, सेकंदाला दहा लाख इतक्या कातरवेगाखाली. आपण तिला उच्च ताप-उच्च कातर परीक्षा म्हणू. त्यात २० ग्रेडच्या ऑइलला किमान २.६ गुण हवेत, ३० ग्रेडला २.९, ५डब्ल्यू-४० ला ३.५, १५डब्ल्यू-४० ला ३.७. (एकक मिलिपास्कल-सेकंद, वीस अंशांच्या पाण्याला त्यात एक गुण पडतो. पाण्याच्या अडीच-तीन पट, एवढाच काय तो जाडपणा आणि त्यावर टर्बो फिरतो.) टर्बोच्या गाडीचा माणूस एकच आकडा शिकणार असेल तर त्याने हा शिकावा. कारण दोन ३० ग्रेडची ऑइलं सारखी नसतात. युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या, म्हणजे एसीईएच्या, सी२ प्रतीचं ५डब्ल्यू-३० ऑइल २.९ वर पास होतं. सी३ प्रतीच्या ५डब्ल्यू-३० ला ३.५ हवेत. डब्याच्या दर्शनी बाजूला दोन्हींवर तेच ५डब्ल्यू-३०. फरक मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो.

आता उन्हाकडे येऊ. वर सांगितलेल्या ५डब्ल्यू-३० ऑइलचा जाडपणा ९० अंशांना साधारण १४ सेंटिस्टोक आणि ११० अंशांना ९ च्या आसपास असतो. वीस अंशांत एवढी घसरण. त्याच हिशेबाने नेहमीचं ४० ग्रेडचं ऑइल ११० अंशांना जेवढं जाड असतं, तेवढं ३० ग्रेडचं १०० अंशांना असतं. म्हणजे एक ग्रेड वर जाणं म्हणजे ऑइलच्या तापमानात दहा अंशांची सवलत विकत घेणं. मग विचारायचा प्रश्न असा : उज्जैनच्या उन्हाने माझ्या चेंबरमधलं ऑइल दहा अंशांनी जास्त तापतं का?

सपाट रस्त्यावर, ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगाने, उत्तर बहुधा नाही असं येतं. इंजिनाच्या पाण्याचं तापमान थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, बाहेर वीस अंश असोत की बेचाळीस. बऱ्याच टर्बो गाड्यांत ऑइलचा कूलर याच पाण्यावर चालतो, त्यामुळे ऑइलही पाण्याच्या मागोमाग राहतं. बाहेरचे वीस अंश आत पोचेपर्यंत काही थोड्या अंशांवर येतात. राम घाटाच्या पायऱ्या दुपारी पाय ठेवू देत नाहीत इतक्या तापतात. क्रँकच्या बेअरिंगला त्याची खबर नसते.

ऑइल खरं तापतं ते खलघाट सोडल्यावर. मेची दुपार, सहा-सात माणसं, टपावर बॅगा, एसी चालू, समोर ट्रकची रांग. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, टर्बो पूर्ण दाबावर, आणि वेग कमी असल्याने समोरून वारा नाही. अशा वेळी चेंबरमधलं ऑइल १२० अंशांकडे जाऊ शकतं आणि टर्बोच्या बेअरिंगमधलं त्याच्या खूप वर. इथे दहा अंशांच्या सवलतीला अर्थ आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कंपनीने दोन ग्रेडना परवानगी दिली असेल, समजा ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४०, तर भरल्या गाडीने उन्हाळ्यात घाट चढत ही यात्रा करणाऱ्याने ५डब्ल्यू-४० घ्यावं, असं मी निःशंकपणे सांगेन. मात्र डब्ल्यूच्या आधीचा आकडा पाचच राहू द्यावा; १५ किंवा २० कडे जायचं कारण नाही. पहाटेची भस्मारती आणि दुपारचा घाट, दोन्ही एकाच ऑइलला करायचे आहेत.

पुस्तिकेत एकच ग्रेड असेल, त्यातही ०डब्ल्यू-२०, तर? हल्लीच्या पेट्रोल टर्बोंमध्ये अशी उदाहरणं वाढताहेत. अनेक जाणकार म्हणतात की हे सगळं इंधन वाचवण्याच्या सरकारी नियमांसाठी चाललंय. त्यात तथ्य आहे. आपल्याकडे कंपन्यांच्या सरासरी इंधनवापरावर २०१७-१८ पासून मर्यादा आल्या, २०२२-२३ पासून त्या कडक झाल्या, आणि पातळ ऑइलने एक-दोन टक्के इंधन वाचतं. एकाच इंजिनाला एका देशात २० आणि दुसऱ्या देशात ३० किंवा ४० ग्रेड सुचवलेली आढळते, तेव्हा ३० घातलं म्हणून इंजिन लगेच बसेल असं कुणी समजू नये. तरीही मी पुस्तिकेबाहेर जायला सांगणार नाही. या इंजिनांत झडपांच्या वेळा बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर हलते, पंप स्वतःचा दाब गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो, आणि ऑइलच्या वाटा केसासारख्या बारीक असतात. सगळं एका ठरावीक जाडपणावर बेतलेलं असतं. फोक्सवॅगनचंच पाहा : त्यांची ५०८ ०० ही मान्यता ०डब्ल्यू-२० ऑइलची, २.६ गुणांची, आणि ५०४ ०० ही ३.५ गुणांची. ५०४ मागणाऱ्या इंजिनात ५०८ घालू नये, हे कंपनी स्पष्टपणे सांगते. तेव्हा दुकानात जाऊन आधी 'पाच-तीस द्या' म्हणायचं नाही. आधी पुस्तिकेतला मान्यतेचा आकडा वाचून दाखवायचा, मग ग्रेड.

मान्यतेच्या आकड्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, याचा एक नमुना चढावरच दिसतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनात, कमी फेऱ्यांवर जास्त ओढ दिली, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये गाडी कण्हत असताना पाय दाबला, तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. एकदाच जोरात 'ठक्' असा आवाज येतो, आणि वाईट वेळ असेल तर पिस्टन फुटतो. याला ऑइलचे थेंबही कारण होतात, आणि ऑइलमधल्या कॅल्शियमच्या क्षारांनी ते वाढतं असं आढळल्यावर रसायन बदलावं लागलं. मे २०२० मध्ये आलेल्या ऑइलच्या एपीआय एसपी या प्रतीत याची वेगळी परीक्षा आहे. जाडपणा वाढवून या रोगावर उपाय होत नाही. डब्यावर एसपी किंवा त्यापुढची प्रत आहे ना ते पाहायचं, आणि घाटात वेळेवर गिअर खाली घ्यायचा.

उज्जैनच्या स्थानिक गाड्यांची तक्रार वेगळीच असते, आणि ती मला यात्रेकरूंच्या तक्रारीपेक्षा गंभीर वाटते. इथले मराठी घरातले एक काका, निवृत्त, गाडी बीएस-६ डिझेल. रोजचा फेरा घर, महाकाल, राम घाट, भाजी, परत. चार-पाच किलोमीटर. त्यांनी डिपस्टिक ओढून दाखवली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही वर बोटभर चढलेलं होतं.

"ऑइल कमी होतं असं ऐकलं होतं. हे वाढतंय कसं?" त्यांनी विचारलं.

"काका, वास घ्या," मी म्हटलं.

डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळला तर सळसळीत पातळ, आणि वास उघड डिझेलचा. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ हे मानक आलं आणि डिझेल कारच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी पकडणारा फिल्टर, डीपीएफ, बसला. तो भरला की गाडी जादा डिझेल फवारून आत उष्णता वाढवते आणि काजळी जाळते. त्याला काही मिनिटं सलग धावणं लागतं. पण श्रावणी सोमवारी महाकालची सवारी राम घाटावर पूजेला यायची असते, रस्ते बंद, गाडी दहा मिनिटांत गल्लीत उभी करून बंद केली जाते, काजळी अर्धवट जळते. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. ५डब्ल्यू-३० म्हणून भरलेलं ऑइल काही आठवड्यांत २० ग्रेडच्या अंगाने जातं, आणि टर्बोचा दांडा त्याच्यावरच फिरत राहतो.

अशा गाडीत मेकॅनिक जाड ऑइल सुचवतो, तेव्हा तो लक्षण ओळखतो, कारण नाही. डिझेल मिसळत राहिलं तर ४० ग्रेडही खाली येणारच. उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा इंदूर रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं सलग गाडी चालवणं, डिपस्टिक वरच्या खुणेपुढे गेली की ऑइल बदलणं, आणि बदलाचा काळ पुस्तिकेतल्या 'कठीण वापर' या रकान्याप्रमाणे धरणं. शिवाय ट्रकसाठी मिळणारं जुन्या सीआय-४ प्रतीचं स्वस्त १५डब्ल्यू-४० अशा गाडीत कधीही घालू नये. त्यातल्या क्षारांची राख डीपीएफमध्ये अडकते, आणि राख ही काजळीसारखी जळून जात नाही. सी२ आणि सी३ प्रतींत राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आत ठेवलेलं असतं, ते याचसाठी. काकांच्या गाडीला ऑइल बदलून तेच पुस्तिकेतलं ५डब्ल्यू-३० घातलं आणि रविवारी सकाळी देवासपर्यंतचा फेरा ठरला.

टर्बो मरायची आणखी एक रीत आहे आणि तिथे ऑइलच्या ग्रेडपेक्षा जात महत्त्वाची. गाडी तापलेली असताना एकदम बंद केली की पंप थांबतो, ऑइल वाहायचं थांबतं, पण धुराकडच्या चक्रातली उष्णता दांड्यावाटे बेअरिंगकडे सरकत राहते. तिथे उरलेलं ऑइल भाजून त्याचा कोळसा होतो. पुढे तो कोळसा बारीक वाटा बुजवतो, परतीची नळी तुंबते, ऑइल सीलमधून धुरात शिरतं आणि मागून निळा धूर दिसायला लागतो. पूर्ण सिंथेटिक ऑइल अशा भाजण्याला जास्त दाद देत नाही. ऑइल किती उडून जातं याचीही परीक्षा असते, नोआक नावाची : २५० अंशांना एक तास ठेवायचं आणि घट मोजायची. सी३ प्रतीला १३ टक्क्यांपर्यंत घट चालते, एपीआय एसपी आणि तिच्या जोडीच्या इंधन-बचतीच्या प्रतीला १५ पर्यंत. ५डब्ल्यू-५० सारखा लांबलचक पल्ला पाहून हुरळून जाऊ नये. तो पल्ला गाठायला जास्त रेणू मिसळावे लागतात आणि टर्बोच्या कात्रीत ते तुटत जातात.

पण हे एकदम बंद करणं घडतं कुठे? राम घाटावर नाही. उज्जैनमध्ये शिरल्यापासून पार्किंगपर्यंत गाडी इतकी सावकाश सरकते की टर्बो केव्हाच निवलेला असतो. तिथे चावी फिरवून सरळ स्नानाला जावं. धोका आहे मानपूरच्या चढाच्या माथ्यावर, जिथे घाट संपल्या संपल्या चहाची टपरी दिसते आणि मुलांना उतरायचं असतं. तिथे इंजिन मिनिटभर तसंच चालू ठेवावं, किंवा त्याहून बरं, टपरीच्या आधीचे दोन किलोमीटर पाय हलका ठेवून यावं. इंजिन आपोआप बंद-चालू करणारी यंत्रणा असेल तर घाटात ती बंद ठेवावी.

यात्रेला निघताना गाडीत एक लिटरचा डबा असावा, चेंबरमध्ये आहे त्याच मान्यतेचा आणि ग्रेडचा. टर्बोच्या गाडीने थोडं ऑइल खाणं वावगं नाही. सकाळी, सपाट जागी, इंजिन गार असताना डिपस्टिक पाहावी. दोन खुणांमध्ये असलं की झालं. वरच्या खुणेपुढे भरू नये, कारण चेंबर जास्त भरलं की टर्बोतून परत येणारं ऑइल तुंबतं. वाटेत खालच्या खुणेखाली गेलं आणि आपलं ऑइल मिळालं नाही, तर सेंधव्याला किंवा धामनोदला जे चांगलं इंजिन ऑइल मिळेल, ३० असो की ४०, ते अर्धा लिटर घालून पुढे जावं. वेगळ्या ग्रेडची दोन इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतात, फाटत नाहीत. कमी ऑइलवर चढ चढणं त्याहून कितीतरी वाईट. घरी परतल्यावर फिल्टरसकट सगळं ऑइल बदलून टाकावं.